चिमुकल्या डेन्मार्कचें आरमार

इंग्लंड, पोर्तुगाल, हॉलंड या दर्यावर्दी राष्ट्रांच्या कथा आपणांस शाळेंतील क्रमिक पुस्तकांपासून परिचित आहेत. कारण त्यांचीं गलबतें कधीं ना कधीं आपल्याच किनाऱ्याला लागलीं आणि आपल्या इतिहासाला त्यांनीं वेगळें वळण लाविलें. डेन्मार्कचें नांव निघालें म्हणजे मात्र आपल्यापैकीं पुष्कळांना तेथील दूधदुभतें आणि अँडरसनच्या परीकथा यांपलीकडे फारसें कांहीं आठवत नाहीं. ग्रीनलंड वगळून केवळ मायदेशापुरतें पाहिलें तर हा देश सुमारें ४३,००० चौरस किलोमीटरांचा, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या एक सप्तमांशाएवढा आहे. लोकसंख्या सुमारें ६० लाख. मुंबई शहराच्या वस्तीच्या निम्मीहि नाहीं. परंतु नांव असलेलीं बेटें चारशेंहून अधिक, किनारा ७,००० किलोमीटरांहून लांब, आणि देशांत कोठेंहि उभें राहिलें तरी समुद्र ५०-५२ किलोमीटरांपलीकडे असावयाचा नाहीं! अशा देशाचा इतिहास जमिनीवर कमी आणि पाण्यावर अधिक घडला असल्यास नवल तें काय?

या राष्ट्राच्या आरमाराची हकीकत वाचूं लागलें म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानांत येते. मोठीं राष्ट्रें आपल्या आरमाराच्या गोष्टी सांगतात त्या जिंकलेल्या जहाजांच्या. डेन्मार्कला सांगाव्या लागतात त्या बहुशः गमावलेल्या जहाजांच्या. पण गमावण्यांतहि प्रकार आहेत. जहाज शत्रूनें ओढून नेणें निराळें, आणि तें शत्रूच्या हातीं पडूं नये म्हणून आपणच बुडविणें निराळें. लहान राष्ट्राचा मान कशांत असतो, हें या भेदावरून जितकें उमगतें तितकें विजयस्तंभांवरून उमगत नाहीं. हा भेद मनांत धरून आम्हीं एका उन्हाळ्यांत त्या देशांतील बंदरें, गोद्या व जुनीं जहाजें पाहिलीं. त्यांपैकीं निवडक स्थळांची हकीकत येथें वाचकांस सादर करीत आहों.

रोस्किल्डची खाडी

कोपनहेगनपासून आगगाडीनें पश्चिमेकडे अर्ध्या तासाच्या वाटेवर रोस्किल्ड हें जुनें नगर लागतें. डेन्मार्कचे कित्येक राजे व राण्या येथील विटांच्या भव्य प्रार्थनामंदिरांत चिरनिद्रा घेत आहेत. गांवापासून उत्तरेकडे एक लांब, उथळ खाडी समुद्राला जाऊन मिळते. या खाडींत सुमारें २० किलोमीटरांवर स्कुल्देलेव नांवाच्या खेड्यापाशीं पाण्याखालीं दगडांचा एक ढीग आहे, हें तेथील कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें. मार्गारेट राणीनें इ. स. १४०० च्या सुमारास तेथें एक जहाज बुडविलें, अशी दंतकथाहि ते सांगत. १९६२ सालीं संशोधकांनीं त्या जागेभोंवतीं लोखंडी पत्र्यांचा बांध घालून आंतलें पाणी उपसलें. पाहतात तों तें काम राणीच्या काळाच्याहि तीनशें वर्षें अलीकडचें नव्हे, पलीकडचें निघालें; आणि जहाज एक नसून पांच होतीं! प्रथम तीं सहा आहेत असा समज झाला होता. पुढें दुसरें व चौथें हे एकाच लांबलचक युद्धनौकेचे भाग आहेत असें ठरलें. म्हणून आजहि त्या जहाजांचे क्रमांक एक, दोन, तीन, पांच व सहा असे आहेत. चार हा आंकडा गाळलेला आहे.

हीं जहाजें तेथें वादळानें बुडालेलीं नव्हेत. इ. स. १०७० च्या सुमारास शत्रूचीं गलबतें अकस्मात् खाडींतून वर येऊन रोस्किल्ड लुटतील या भीतीनें तेथील लोकांनीं आपलींच जुनीं जहाजें दगडांनीं भरलीं आणि खाडीच्या अरुंद वाटेंत आडवीं बुडविलीं. त्यांत मालवाहू तारूं आहे, लहानशी मचव्यासारखी नाव आहे, आणि ३० मीटर लांबीची, साठ वल्ह्यांची युद्धनौकाहि आहे. या युद्धनौकेच्या ओकच्या फळ्यांतील वलयें मोजून ती १०४२ सालीं आयर्लंडांत डब्लिनच्या आसपास बांधली होती असें शास्त्रज्ञांनीं सिद्ध केलें आहे. तिची हुबेहूब प्रतिकृति रोस्किल्डच्या कारागिरांनीं जुन्याच हत्यारांनीं व पद्धतीनें बांधिली, आणि २००७ सालीं ती वल्हीं व शीड यांवर डब्लिनपर्यंत गेली व पुढच्या वर्षीं परत आली.

मूळ जहाजें १९६९ सालीं उघडलेल्या संग्रहालयांत मांडिलीं आहेत. लोखंडी चौकटीवर काळ्या पडलेल्या फळ्यांचे तुकडे जोडलेले आहेत. जेथें फळी उरली नाहीं तेथें नुसती लोखंडाची रेघ जहाजाचा आकार पुरा करते. त्यामागील कांचेच्या भिंतींतून खाडीचें पाणी दिसतें. जीं जहाजें आज एवढ्या जपणुकीनें ठेविलीं आहेत, त्यांवर एके काळीं त्यांच्याच धन्यांनीं दगड रचले होते, हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. आपलें जहाज बुडालें तर ती हानि खरी. पण आपणच तें योग्य जागीं बुडविलें तर तें गांवाचा तट होतें. डेन्मार्कच्या लोकांनीं हा धडा प्रथम येथें गिरविला.

हेल्सिंगोरची जकात

कोपनहेगनच्या उत्तरेस किनाऱ्याकिनाऱ्यानें गेलें म्हणजे हेल्सिंगोर गांव येतें. येथें ओरेसुंडची सामुद्रधुनी इतकी अरुंद होते कीं, पलीकडचें स्वीडन अवघें चार किलोमीटरांवर दिसतें. बाल्टिक समुद्रांतून बाहेरच्या महासागराकडे जाणाऱ्या जहाजांचा हा मुख्य दरवाजा. आणि दरवाजाच्या उंबऱ्यावर क्रोनबोर्गचा किल्ला. शेक्सपिअरनें हॅम्लेट राजपुत्राची शोककथा याच किल्ल्यांत घडविली, त्यामुळें जगांतील नाट्यरसिक येथें येतात. परंतु किल्ल्याचें खरें काम नाटकाचें नसून जकातीचें होतें.

१४२९ च्या सुमारास डेन्मार्कच्या राजानें या वाटेनें जाणाऱ्या परक्या जहाजांवर कर बसविला, आणि तो थेट १८५७ पर्यंत चालला. पुढें हा कर मालाच्या किमतीवर घेऊं लागले, तेव्हांची युक्ति मोठी मासलेवाईक आहे. मालाची किंमत काय ती जहाजाच्या कप्तानानेंच सांगावयाची. अधिकाऱ्यांनीं वाद घालावयाचा नाहीं. मात्र सांगितलेल्या किमतीला सारा माल विकत घेण्याचा हक्क राजानें आपल्याकडे ठेविला होता! किंमत कमी सांगावी तर माल हातचा जाण्याची भीति, अधिक सांगावी तर जकात वाढणार. तेव्हां कप्तानाला सत्यवचनाखेरीज गत्यंतर उरत नसे. या जकातीच्या वह्या १४९७ पासूनच्या उपलब्ध असून त्यांत सुमारें १८ लाख जहाजांच्या फेऱ्यांची नोंद आहे. कोणत्या सालीं कोणत्या बंदरांतून किती धान्य, लांकूड व मीठ गेलें, हें शोधण्यासाठीं अभ्यासकांना आजहि त्यांच्याकडे जावें लागतें.

या पैशावरच डेन्मार्कचें आरमार पोसलें गेलें, आणि या पैशामुळेंच त्याचे शत्रूहि वाढले. १६५८ सालीं स्वीडननें सामुद्रधुनीचा पलीकडचा किनारा जिंकून घेतला. तरी जकात तशीच चालूं राहिली. अखेरीस अमेरिकेनें व इतर व्यापारी राष्ट्रांनीं ती भरण्यास हरकत घेतली, तेव्हां एकरकमी भरपाई घेऊन राजानें हा सवाचारशें वर्षांचा हक्क सोडला. किल्ल्याशेजारच्या एका जुन्या सुक्या गोदीभोंवतीं जमिनीखालीं २०१३ सालीं नवें सागरी संग्रहालय बांधिलें आहे. क्रोनबोर्गचें दर्शन अडूं नये म्हणून इमारत मुळीं जमिनीवर येऊंच दिली नाहीं, आणि गोदीचा जहाजाच्या आकाराचा खड्डा मध्यें मोकळा ठेविला. जुन्या वास्तूचा मान राखण्याची ही रीत आम्हांस फार आवडली.

राजे, खलाशी आणि एक स्तंभ

डॅनिश आरमाराचा जन्मदिवस १० ऑगस्ट १५१० हा मानतात. हान्स राजानें त्या दिवशीं आरमारासाठीं स्वतंत्र मुख्य अधिकारी नेमिला. परंतु कोपनहेगन शहरावर आरमाराचा ठसा उमटविला तो चौथ्या ख्रिश्चन राजानें. १५८८ ते १६४८ अशी साठ वर्षें तो गादीवर होता. खलाशांच्या कुटुंबांसाठीं त्यानें १६३१ पासून न्यूबोदर नांवाची वसाहत बांधावयास घेतली. पिवळ्या भिंती आणि तांबडीं कौलें यांच्या त्या लांबच लांब रांगा पाहिल्या म्हणजे आपल्याकडील बैठ्या चाळींची आठवण होते. नोकराला पगारापूर्वीं घर द्यावें, हा विचार त्या काळच्या किती राजांना सुचला असेल? शिपायाचें चित्त बायकामुलांच्या ठिकाणीं स्वस्थ असेल तरच तें तोफेच्या ठिकाणीं स्थिर राहतें, हें या राजानें ओळखिलें होतें.

१६४४ सालीं, वयाच्या ६७ व्या वर्षीं, हा राजा कोल्बर्गर हायडेच्या लढाईंत स्वतः जहाजावर होता. तोफगोळ्यानें उडालेल्या ढलप्या लागून त्याचा एक डोळा गेला. तरी तो उठून पुन्हा उभा राहिला. डेन्मार्कचें राजगीत याच प्रसंगावर रचलेलें आहे. गमतीची गोष्ट अशी कीं, ती लढाई कोणीच जिंकली नाहीं, आणि पुढच्याच वर्षींचा तह डेन्मार्कला तोट्याचा झाला. ज्याच्या अंगीं जखमी होऊन उभें राहण्याचें धैर्य होतें, त्याला या राष्ट्रानें जेत्याहून वरचें स्थान दिलें.

हाच प्रकार बंदराजवळील लांगेलिनी नांवाच्या उद्यानांत दिसून येतो. तेथील ‘छोटी जलपरी’ पाहण्यासाठीं प्रवाशांची एकच झुंबड असते. तेथून जवळच इव्हर हुइटफेल्ट या कप्तानाचा स्मृतिस्तंभ आहे. आम्ही गेलों तेव्हां तेथें एकहि मनुष्य नव्हता. ४ ऑक्टोबर १७१० रोजीं कोगेच्या उपसागरांत स्वीडिश आरमारानें डॅनिश आरमाराला अवचित गांठलें. हुइटफेल्टच्या ‘दानेब्रोग’ जहाजाला आग लागली. नांगर तोडून किनाऱ्याकडे जावें तर माणसें वांचण्याची आशा होती. पण वाऱ्याची दिशा अशी कीं, जळतें जहाज स्वकीयांच्या जहाजांवर जाऊन पडलें असतें. त्यानें नांगर सोडला नाहीं. दारूखान्याला आग पोंचून जहाजाचा स्फोट होईपर्यंत त्याच्या तोफा चालूं होत्या. मोजकींच माणसें जिवंत निघालीं. नील्स यूल या सेनानीनें त्याच उपसागरांत १६७७ सालीं स्वीडनवर मोठा विजय मिळविला होता. त्याची समाधि होल्मेनच्या आरमारी प्रार्थनामंदिरांत आहे. हें मंदिर पूर्वीं नांगर घडविण्याची भट्टी होतें. १६१९ सालीं तेथें देवाची स्थापना झाली.

तंजावरचे शेजारी

आतां आपल्याशीं असलेल्या संबंधाकडे वळूं. १६१६ सालीं डेन्मार्कांत ईस्ट इंडिया कंपनी निघाली, आणि १६१८ सालीं ओवे गेद्दे या पंचविशीच्या आंतल्या तरुणाच्या हाताखालीं जहाजें पूर्वेकडे निघालीं. १६२० सालीं तंजावरच्या रघुनाथ नायकाशीं करार होऊन कावेरीच्या मुखाजवळील तरंगमबाडी येथें डॅनिश लोकांनीं डान्सबोर्गचा किल्ला बांधिला. १६७५ च्या सुमारास तंजावरची गादी व्यंकोजी राजे भोसले यांच्याकडे आली. तेव्हांपासून पुढें पावणेदोनशें वर्षें, या उत्तरेकडील दर्यावर्द्यांचा शेजार मराठ्यांच्या राजवंशाला घडला. डॅनिश मिशनतर्फे १७५० सालीं तरंगमबाडीस उतरलेला श्वार्ट्झ हा जर्मन पाद्रीच पुढें सरफोजी महाराजांचा पालक व गुरु झाला. ज्या सरस्वती महालाचा तंजावरास अभिमान आहे, त्याच्या या विद्याव्यासंगी धन्याच्या शिक्षणाचा एक धागा अशा रीतीनें डॅनिश गलबतांपर्यंत जाऊन पोंचतो. १८४५ सालीं डेन्मार्कनें तरंगमबाडी व श्रीरामपूर हीं दोन्ही ठाणीं साडेबारा लाख रुपयांस इंग्रजांना विकलीं. पृथ्वीप्रदक्षिणेस निघालेलें ‘गालाथेआ’ हें आरमारी जहाज त्याच सालीं या किनाऱ्यावर येऊन गेलें.

या समुद्रकथेला काळी बाजूहि आहे, आणि ती झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. पश्चिम आफ्रिकेंतून एक लाखाहून अधिक माणसें डॅनिश निशाणाखालीं गुलाम म्हणून अटलांटिकपार वाहून नेण्यांत आलीं. कोपनहेगनच्या धक्क्यावरील साखरेच्या कित्येक वखारी त्यांच्याच घामावर उभ्या राहिल्या. १७९२ च्या फर्मानानें हा व्यापार १८०३ पासून बंद करण्याचें ठरलें. हें इतर कित्येक राष्ट्रांच्या आधीं झालें खरें, परंतु बेटांवरील गुलामगिरी त्यानंतरहि १८४८ पर्यंत राहिली. लहान राष्ट्र म्हणजे निरपराध राष्ट्र, असा भाबडा समज कोणी करून घेऊं नये.

ओढून नेलेलें आरमार

डेन्मार्कच्या इतिहासांतील सर्वांत खोल जखम १८०७ ची. तिची नांदी १८०१ सालीं झाली. फ्रान्सशीं युद्ध चालूं असतां इंग्रज आरमार तटस्थ राष्ट्रांचीं व्यापारी जहाजें अडवून झडती घेई. त्याविरुद्ध रशिया, स्वीडन, प्रशिया व डेन्मार्क यांनीं एकी केली. ती मोडण्यासाठीं इंग्रजांनीं कोपनहेगनवर आरमार धाडिलें. २ एप्रिल १८०१ रोजीं नेल्सननें नांगरून ठेवलेल्या डॅनिश जहाजांच्या रांगेवर हल्ला केला. माघार घेण्याचा आपल्या सेनापतीचा इशारा त्यानें आंधळ्या डोळ्याला दुर्बीण लावून ‘पाहिला’, ती प्रसिद्ध गोष्ट याच लढाईची. डॅनिश बाजूला पेटर विल्लेमोस नांवाचा अवघ्या सतरा वर्षांचा अधिकारी एका तरत्या तराफ्यावरील तोफा चालवीत होता. डॅनिश लोक हरले. पण अब्रूनें हरले, असें तेव्हां शत्रूनेंहि मानिलें.

१८०७ चा प्रकार मात्र निराळा. डेन्मार्क त्या वेळीं कोणाशींच लढत नव्हता. नेपोलियन व रशियाचा झार यांचा त्या जुलैंत टिल्सिट येथें तह झाला, आणि नेपोलियन आतां डॅनिश आरमार बळकावील अशा भयानें इंग्रजांनीं तें आपणांस ‘ठेव’ म्हणून मागितलें. डेन्मार्कनें नकार देतांच ऑगस्टांत इंग्रज सैन्य उतरलें. डॅनिश सैन्याचा मोठा भाग तेव्हां दक्षिण सरहद्दीवर होता. उरलेल्या तुटपुंज्या फौजेचा कोगे येथें २९ ऑगस्ट रोजीं जो पराभव झाला, तो करणारा सेनानी आपल्या परिचयाचा आहे. चार वर्षांपूर्वीं असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजांना हरविणारा आर्थर वेलस्ली तो हाच! पुढें तोच ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, आणि वॉटर्लूच्या दिवशीं तो ज्या घोड्यावर बसला होता त्याचें नांव ‘कोपनहेगन’ होतें.

२ सप्टेंबरच्या रात्रीपासून ५ सप्टेंबरपर्यंत शहरावर आगीचा वर्षाव झाला. त्यांत काँग्रीव्हनें तयार केलेले अग्निबाण होते; आणि हे अग्निबाण इंग्रजांना सुचले ते म्हैसूरच्या हैदर व टिपू यांच्या बाणांवरून. श्रीरंगपट्टणच्या लोखंडी बाणांची ती सुधारलेली आवृत्ति युरोपांतील एका नगराच्या कौलांवर पडावी, हा इतिहासाचा केवढा विचित्र प्रवास! प्रमुख प्रार्थनामंदिराचा मनोरा कोसळला, मोहल्लेच्या मोहल्ले जळाले, शेंकडों नागरिक मेले. तीन रात्रींनंतर शहरानें शरणागति दिली. ऑक्टोबरांत इंग्रज परत गेले ते पंधराहून अधिक मोठ्या युद्धनौका व कित्येक लहान नौका बरोबर ओढून घेऊन. ज्या गोदींत अर्धवट बांधलेल्या होत्या त्या त्यांनीं मोडून टाकल्या. डॅनिश अधिकाऱ्यांनीं आपलें आरमार आधींच कां जाळून टाकिलें नाहीं, हा प्रश्न त्या पिढीला अखेरपर्यंत बोचत राहिला. पुढें चिमुकल्या तोफनौका घेऊन त्यांनीं सात वर्षें इंग्रजांशीं झुंज दिली. विल्लेमोस १८०८ सालीं पंचवीस वर्षांचाहि झाला नव्हता तोंच एका मोठ्या युद्धनौकेवर मारला गेला. १८१३ सालीं राज्याचें दिवाळें निघालें, आणि १८१४ सालीं चारशें वर्षें जोडलेला नॉर्वे तुटला.

त्या काळांत एक गोष्ट मात्र त्यांनीं अशी केली कीं, तिच्याविषयीं आम्हांस सर्वांत अधिक आदर वाटतो. नवें आरमार बांधावयाचें तर ओक पाहिजे, म्हणून त्यांनीं राज्याच्या रानांत ओकचीं रोपें लाविलीं. मोठ्या युद्धनौकेच्या उपयोगी पडावयाला ओकला दीडशें-दोनशें वर्षें लागतात! ज्यांनीं तीं लाविलीं त्यांना तीं जहाजें पाहावयास मिळणार नव्हतीं, हें त्यांस ठाऊक होतें. झाडें जोमदार होण्यापूर्वींच लांकडी युद्धनौकांचा काळ संपला. उत्तर सीलंडच्या अरण्यांत आज ते वृक्ष उभे आहेत, आणि त्यांच्या सावलींतून लोक फिरावयास जातात.

लांकडी जहाजांपैकीं शेवटचें एक मात्र पाहावयास मिळतें. जटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर एबेल्टोफ्ट या टुमदार गांवीं ‘यूलंड’ ही १८६० सालची शिडांची व वाफेची युद्धनौका सुक्या गोदींत उभी आहे. ९ मे १८६४ रोजीं हेल्गोलंडपाशीं तिनें ऑस्ट्रियाच्या आरमाराला परतविण्यांत भाग घेतला. दुर्दैव असें कीं, समुद्रावर जय मिळाला त्याच वर्षीं जमिनीवर युद्ध हरलें, आणि श्लेस्विग व होल्स्टाइन हे प्रांत गेले. तिच्या तोफांच्या मजल्यावर वांकूनच चालावें लागतें. एवढ्याशा जागेंत शेंकडों माणसें झोंपत, जेवत व लढत असत, हें पाहून आमच्यांतील लहान मुलेंहि गप्प झालीं.

२९ ऑगस्टची पहाट

९ एप्रिल १९४० रोजीं जर्मन सैन्य डेन्मार्कांत शिरलें. कोपनहेगनच्या बंदरांत जर्मन जहाज आलें तेव्हां डॅनिश आरमारानें एकहि गोळा झाडला नाहीं. कांहीं तासांतच सरकारनें शस्त्र खालीं ठेविलें. पुढें तीन वर्षें सरकार जर्मनांशीं जमवून घेऊन कारभार करीत राहिलें. या धोरणानें देश जळण्यापासून वांचला असें कोणी म्हणतात, तर देशाची अब्रू गेली असें कोणी म्हणतात. हा वाद तेथें अद्यापहि मिटलेला नाहीं. १९४१ च्या आरंभीं जर्मनांनीं दडपण आणून सहा टॉर्पेडो नौका मागून घेतल्या. आरमाराच्या अधिकाऱ्यांना हें फार झोंबलें. १८०७ चें सावट पुन्हा गोदीवर पडलें होतें.

ऑगस्ट १९४३ मध्यें देशांत संप व घातपात वाढले. तेव्हां जर्मनांनीं लष्करी कायदा व देहांताची शिक्षा लागू करण्याची मागणी केली. २८ तारखेस सरकारनें ती फेटाळिली. दुसऱ्या दिवशीं, रविवारीं पहाटे, जर्मन सैनिक होल्मेनच्या गोदीवर चालून आले. पण आरमारप्रमुख व्हाइस-अॅडमिरल वेदेल यांचा हुकूम आधींच तयार होता: जमेल त्यानें स्वीडन गांठावें, न जमेल त्यानें जहाज बुडवावें. अर्ध्या-पाऊण तासांत गोदी स्फोटांनीं दणाणून गेली. ३२ जहाजें त्यांच्याच खलाशांनीं बुडविलीं. ४ स्वीडनला पोंचलीं. १४ मात्र जर्मनांच्या हातीं धड लागलीं. ‘पेदर स्क्राम’ हें किनारासंरक्षक जहाज होल्मेनलाच तळाशीं बसलें. ‘नील्स यूल’ हें आरमारांतील सर्वांत मोठें जहाज इसेफ्योर्डच्या खाडींतून निसटूं पाहत होतें. विमानांनीं त्यावर हल्ला चढविला, तेव्हां कप्तानानें तें वाळूवर चढविलें आणि खलाशांनीं आंतून निकामी केलें. त्या पहाटे नऊ खलाशी कामास आले.

लढाईच्या हिशेबानें पाहिलें तर या कृत्यानें महायुद्धाचा निकाल तिळभरहि बदलला नाहीं. जर्मनांनीं कांहीं जहाजें पुढें वर काढून वापरलीं सुद्धां. मग या आहुतीचा उपयोग तरी काय झाला? आमच्या मतें उपयोग झाला तो लोकांच्या मनांत. सरकार राहिलें नाहीं, आरमार राहिलें नाहीं. आतां जें करावयाचें तें आपलें आपणच, असें सामान्य डॅनिश मनुष्याला त्या दिवशीं कळून चुकलें. अवघ्या महिन्याभरांतच त्याची परीक्षा झाली. ऑक्टोबरच्या आरंभीं डेन्मार्कांतील सर्व ज्यूंना पकडून नेण्याचा जर्मनांचा बेत बाहेर फुटला. तेव्हां शेजाऱ्यांनीं, डॉक्टरांनीं, विद्यार्थ्यांनीं त्यांना घरांत व इस्पितळांत लपविलें आणि कोळ्यांनीं रात्रीच्या अंधारांत मासळीच्या होड्यांतून ओरेसुंडपार नेलें. सात हजारांहून अधिक माणसें अशा रीतीनें स्वीडनला सुखरूप पोंचलीं. साडेचारशेंहून अधिक दुर्दैवी ज्यू पकडले गेले. कांहीं कोळ्यांनीं भाडें भरमसाट घेतलें, हेंहि नमूद केलें पाहिजे. परंतु पकडलें गेल्यास काय होईल हें ठाऊक असूनहि होड्या सुटल्या, हें त्याहून मोठें आहे. ज्या अरुंद पाण्यावर राजांनीं चार शतकें जकात घेतली, त्याच पाण्यावर त्यांच्या प्रजेनें माणसें पार केलीं.

आजचें आरमार

आज होल्मेनवर युद्धनौकांचा मुख्य तळ नाहीं. १९९३ सालीं तो तेथून हलला. जुन्या वखारींत आतां कलाशाळा व निवासस्थानें आहेत. १७५० च्या सुमाराची डोलकाठ्या उभारण्याची प्रचंड यारी मात्र अद्याप पाण्याच्या कांठीं उभी आहे. नव्या युद्धनौकांपैकीं तीन प्रमुख नौकांचीं नांवें वाचकांस आतां अपरिचित वाटणार नाहींत: ‘इव्हर हुइटफेल्ट’, ‘पेटर विल्लेमोस’ आणि ‘नील्स यूल’. तीन नांवांपैकीं दोन नांवें लढतां लढतां मेलेल्यांचीं! थोर नांव धारण केल्यानें काम मात्र आपोआप होत नाहीं. मार्च २०२४ मध्यें तांबड्या समुद्रांत ‘इव्हर हुइटफेल्ट’वर हल्ला झाला असतां तिच्या क्षेपणास्त्रयंत्रणेंत बिघाड झाला. ही गोष्ट मंत्र्यांना वेळेवर न कळविल्याबद्दल संरक्षणदलांच्या प्रमुखांस पद सोडावें लागलें. जें राष्ट्र आपल्या उणिवा अशा उघड्यावर मांडतें, त्याला त्या सुधारतांहि येतात.

ग्रीनलंडच्या ईशान्य भागांत कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून हिंडणारें एक पथक आहे. १९५३ पासून ‘सिरियस’ हें नांव मिरविणारें तें पथकहि आरमाराचेंच. त्याच ग्रीनलंडवर २०२५ च्या आरंभीं अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनीं उघड हक्क सांगितला, तेव्हां डेन्मार्कनें उत्तरध्रुवाकडील समुद्रासाठीं तीन नवीं जहाजें बांधण्याचें ठरविलें. महासत्तेपुढें तीन जहाजें ती काय, असें कोणीहि म्हणेल. परंतु प्रश्न जहाजांच्या संख्येचा केव्हांच नव्हता. ज्या राष्ट्राला आपलें काय राखावयाचें आणि तें राखतां न आल्यास काय करावयाचें, या दोन्ही गोष्टी आधींच ठरवितां येतात, त्याला लहान म्हणण्यापूर्वीं मोठ्यांनीं थोडें थांबावें. रोस्किल्डच्या खाडींतील काळ्या फळ्या, लांगेलिनीवरचा एकाकी स्तंभ आणि उत्तर सीलंडच्या रानांतील ते ओक पाहून आम्हांस तरी असेंच वाटलें.